आधी दळण, मग यंत्र

भोकरदन तालुक्याच्या उत्तरेला, अजिंठ्याच्या डोंगररांगेलगत आणि बुलढाणा जिल्ह्याच्या हद्दीजवळ धावडा हे गाव आहे. हा मिरचीचा पट्टा. इथल्या घरांत दळण-कांडणाचं ज्ञान कुणाला शिकवावं लागत नाही. ज्वारीचं पीठ जुनं झालं की भाकरी थापताना चिरते. वाळलेली मिरची एकदम भरपूर मिक्सरला लावली की भांडं तापतं आणि तिखटाचा रंग उतरतो. कांडपावरचं तिखट वेगळं लागतं, भरडा जाडसर हवा, बेसन बारीक हवं. हे सगळं ज्या घराला पाठ आहे, तेच घर कॉफीचं यंत्र घ्यायला निघालं की दळणाचा विचार शेवटी करतं. बहुतेकदा करतच नाही. यंत्र चकचकीत आहे का, किती बटणं आहेत, फेस येतो का, एवढंच पाहिलं जातं.

माझं म्हणणं उलट क्रमाचं आहे. आधी दाणा, मग दळण, मग पाणी आणि सगळ्यात शेवटी यंत्र. पैसेही याच क्रमाने खर्च करावेत.

आपण आज कॉफी म्हणून काय पितो, ते आधी बघू. गावातल्या किराणा दुकानात मिळते ती बहुधा इन्स्टंट कॉफी. कारखान्यात कॉफीचा अर्क काढून वाळवला की ही पूड तयार होते, म्हणून ती गरम दुधात किंवा पाण्यात सरळ विरघळते. स्वित्झर्लंडच्या नेस्ले कंपनीने १९३८ मध्ये नेसकॅफे बाजारात आणली आणि ही सोय जगभर पसरली. काही पाकिटांत चिकोरीही असते. चिकोरी म्हणजे एका रोपाचं भाजलेलं मूळ. त्यात कॅफिन नसतं, पण रंग, दाटपणा आणि कडसर चव असते. कॉफी-चिकोरीच्या मिश्रणात कॉफीचं प्रमाण ५१ टक्क्यांपेक्षा कमी असता कामा नये आणि दोन्हींचे टक्के पाकिटावर छापलेले असावेत, असा आपल्याकडे नियम आहे. पाकीट घेताना ही ओळ वाचून घ्या.

मराठी घरात कॉफी म्हणजे दूध-साखर उकळून त्यात ही पूड आणि वर किसलेलं जायफळ. ती उपवासाला चालते, परीक्षेच्या जागरणाला लागते, चहा न पिणाऱ्या पाहुण्यासाठी आठवणीने केली जाते. या कॉफीत काहीही कमी नाही. ज्यांना हीच चव हवी आहे, त्यांना ना ग्राइंडर लागतो ना यंत्र; एक जायफळ आणि एक किसणी पुरते. हे प्रकरण त्यांच्यासाठी आहे, ज्यांनी कधी माटुंग्याला किंवा बंगळूरला फिल्टर कॉफी प्यायली, तिचा वास मनात राहिला आणि ती आपल्या घरी का होत नाही असा प्रश्न पडला.

कॉफीचं पीक आपल्यापासून फार परकं आहे असंही नाही. महाराष्ट्रात ती चिखलदऱ्याला पिकते, अमरावती जिल्ह्यात, मेळघाटच्या डोंगरात, समुद्रसपाटीपासून साधारण ११०० मीटर उंचीवर. तिथलं पीक थोडं आहे. देशातल्या कॉफीपैकी सुमारे ७० टक्के एकट्या कर्नाटकातून येते, मुख्यतः कोडगू, चिकमगळूर आणि हासन या जिल्ह्यांतून. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या, अशी परंपरा सांगते. तो डोंगर आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो.

इतकं जवळ पिकूनही चांगला दाणा आपल्या घरापर्यंत उशिरा पोचला, त्यामागे एक कारण आहे. मुंबईत चर्चगेटला १९३६ मध्ये इंडिया कॉफी हाउस सुरू झालं, माटुंग्यात दाणे भाजून गिऱ्हाइकासमोर दळून देणारी दुकानं आली, पण मळेवाल्याचा आणि पिणाऱ्याचा थेट संबंध नव्हता. १९४२ च्या कॉफी कायद्याने सगळ्या मळ्यांचं पीक कॉफी बोर्डाकडे जमा होई आणि तिथून विकलं जाई. जागतिक बाजार कोसळला होता आणि युद्ध चालू होतं. त्या काळात लहान शेतकऱ्याला या व्यवस्थेने तारलं, हे खरं. पण जमा झालेल्या मालात कुणाचा दाणा निगुतीने वाळवलेला आणि कुणाचा घाईने उरकलेला, हा भेद पाकिटापर्यंत पोचत नसे. नव्वदच्या दशकात ही बंधनं टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६ मध्ये पूर्ण उठली. त्यानंतर मळ्याचं नाव पाकिटावर येऊ लागलं. आज दिल्लीत सुरू झालेली ब्लू टोकाई, मुंबईची सबको, नागपूरची कॉरिडॉर सेव्हन अशा भाजणाऱ्या कंपन्या दाण्याची जात, मळा आणि भाजल्याची तारीख छापून घरपोच पाठवतात. धावड्यात बसून हा दाणा मागवता येतो. ही मोठी सोय आहे, आणि ती अजून फार कमी घरांनी वापरली आहे.

भाजल्याची तारीख मी फार महत्त्वाची मानतो. भाजलेल्या दाण्यात कार्बन डायऑक्साइड वायू अडकलेला असतो आणि तो हळूहळू बाहेर पडतो. पहिल्या काही दिवसांत तो इतका जोरात निघतो की पाणी पुडीत नीट मुरत नाही, म्हणून साधारण आठवडाभर थांबावं. तिथून पुढे महिना-दीड महिना दाणा छान राहतो. पूड मात्र लवकर मरते. आठ मिलिमीटरच्या ठोकळ्याचे अर्ध्या मिलिमीटरचे तुकडे केले तर उघडा पृष्ठभाग सोळा पटींनी वाढतो, आणि त्या सगळ्या पृष्ठभागावरून वास उडतो, हवा आत शिरते. दळताना घर भरून जो घमघमाट सुटतो, तो तेवढाच कपातून वजा झालेला असतो. म्हणून दाणे विकत घ्यावेत आणि लागतील तेवढेच, लागतील तेव्हाच दळावेत. एका मोठ्या कपाला १५ ग्रॅम पुरतात, म्हणजे सव्वाशेच्या आतबाहेर दाणे. तेवढं दळण रोज काढायला घरात साधन हवं, आणि तेच या प्रकरणाचं मुख्य काम आहे.

मिक्सर का चालत नाही?

बाजारात कॉफी ग्राइंडर म्हणून दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. एकात तळाशी पातं फिरतं. मिक्सरच्या लहान भांड्यासारखीच त्याची रचना असते आणि तो स्वस्त पडतो. यात दाणा दळला जात नाही, फोडला जातो. पात्यासमोर जो तुकडा पुन्हा पुन्हा येतो तो पीठ होतो, कडेला उडालेला तसाच राहतो. किती बारीक करायचं हे ठरवायला त्यात काही नसतं, फक्त किती वेळ फिरवलं तेवढंच.

हे स्वतः पाहण्यासारखं आहे. मूठभर दाणे मिक्सरमध्ये दहा सेकंद फिरवा आणि पांढऱ्या ताटलीत पसरा. काही तुकडे अर्ध्या दाण्याएवढे दिसतील, बोटांत धरले तर टोचतील. त्यांच्यामध्ये जाड रवा, बारीक रवा असं सगळं मिसळलेलं असेल. भांडं उलटं केलं तर पात्याखाली मैद्यासारखा तपकिरी थर चिकटून बसलेला असेल. तो नखाने खरवडावा लागतो. आता या सगळ्यावर एकच गरम पाणी ओतायचं आहे. मैद्यातून जे निघायचं ते काही सेकंदांत निघतं आणि मग नको असलेला कडूपणाही निघू लागतो. मोठ्या तुकड्याच्या पोटापर्यंत पाणी पोचतच नाही. त्याच्या वरच्या थरातून थोडा आंबटसर रस तेवढा येतो. एकाच कपात कडूही आणि आंबटही. अशी कॉफी प्यायली की माणूस साखर वाढवतो, दूध वाढवतो आणि शेवटी म्हणतो, आपल्याला काळी कॉफी नाही बुवा जमत.

यामागचा हिशेब गेल्या शतकाच्या मध्यात अमेरिकेत मांडला गेला. भाजलेल्या दाण्याचा साधारण ३० टक्के भाग पाण्यात विरघळू शकतो. अर्न्स्ट लॉकहार्ट या रसायनशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात केलेल्या कामातून असं दिसलं की बहुतेकांना आवडणाऱ्या कपात दाण्याच्या वजनाच्या १८ ते २२ टक्के भाग उतरलेला असतो. त्याहून कमी उतरला की कॉफी आंबट, पोकळ लागते. जास्त उतरला की कडू आणि तोंड कोरडं करणारी. आता कुठलंही यंत्र, मग ते तीनशे रुपयांचं असो की तीस हजारांचं, सगळ्या पुडीला एकाच वेळी सारखं पाणी दाखवतं. कण सारखे नसतील तर त्यातून एकसारखा उतारा येणं शक्यच नाही. यंत्राआधी दळण, असा आग्रह मी धरतो तो याच्यासाठी.

दुसऱ्या प्रकारच्या ग्राइंडरला बर ग्राइंडर म्हणतात. खरेदी करताना हा शब्द पाहावा. त्याचं तत्त्व आपल्या जात्याचंच आहे. दोन खाचा पाडलेले भाग, एक स्थिर, एक फिरता, आणि त्यांच्यातलं अंतर ठरलेलं. दाणा या फटीतून गेल्याशिवाय खाली पडू शकत नाही, म्हणून जवळपास सगळे कण एका मापाचे निघतात. फट कमी केली की पूड बारीक, वाढवली की भरड. जात्याचे दगड गुळगुळीत झाले की त्यांना टाकी लावून घ्यावी लागे. इथे दगडाऐवजी पोलाद किंवा सिरॅमिक असतं आणि घरगुती वापरात त्याची धार वर्षानुवर्षं टिकते. पुढे मोटारींसाठी प्रसिद्ध झालेल्या फ्रान्सच्या प्यूजो कंपनीने १८४० मध्येच कॉफीच्या चक्क्या बनवायला घेतल्या होत्या. तेव्हाच्या आणि आजच्या हातग्राइंडरमध्ये मूळ कल्पना तीच आहे.

धावड्यासारख्या गावासाठी माझी निवड हाताने फिरवायच्या बर ग्राइंडरची. वीज लागत नाही, मोटर जळत नाही, दुरुस्तीसाठी कुठे पाठवावा लागत नाही. विजेवरचा चांगला बर ग्राइंडर हातग्राइंडरच्या कितीतरी पट महाग पडतो, कारण त्यात पैसे मोटरला आणि खोक्याला जातात. हातग्राइंडरमध्ये तेच पैसे दळणाऱ्या दातांना मिळतात. सिरॅमिकच्या दातांचे दीड-दोन हजारांत मिळतात, पण त्यांतल्या बऱ्याचशांचा मधला दांडा एकाच ठिकाणी टेकलेला असतो. दाणा अडकला की दांडा डुलतो, फट एका बाजूला वाढते आणि भरड दळण पुन्हा कमी-जास्त निघतं. दांड्याला वर आणि खाली अशी दोन बेअरिंग असलेला, पोलादी दातांचा घ्यावा. टाइममोरसारख्या कंपन्यांचे असे ग्राइंडर साधारण पाच ते आठ हजारांच्या आसपास मिळतात. रक्कम मोठी वाटते, हे मान्य. पण घरात यंत्रासाठी दहा हजार बाजूला काढले असतील तर त्यातले सहा-सात इथे घालावेत, असं मी कुणालाही सांगेन. पंधरा-वीस ग्रॅम दळायला त्याला मिनिटभर लागतं. घरात दहा माणसांची कॉफी रोज होत असेल तर मात्र हात दुखतील. तिथे विजेवरचाच बघावा.

मापासाठी रवा हे परिमाण आपल्याला सोयीचं. (साधनांची ओळख पुढे येते.) फ्रेंच प्रेसला इडली रव्याएवढं जाड, कागदी फिल्टरला उपम्याच्या रव्याएवढं, स्टीलच्या फिल्टरला आणि मोका पॉटला त्याहून बारीक पण मैद्याइतकं नाही, आणि एस्प्रेसोला जवळपास मैद्याच्या दिशेने जाणारं पण बोटांना अजून किंचित खरखरीत लागणारं. ग्राइंडरवर खटके असतात. आपल्या चवीचा खटका सापडला की तो भिंतीवर लिहून ठेवा. कॉफी कडू झाली तर एक-दोन खटके भरड करा, आंबट आणि पातळ लागली तर बारीक करा. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर कशाने फरक पडला हे कळत नाही.

उन्हाळ्याच्या कोरड्या हवेत पूड ग्राइंडरच्या भिंतींना चिकटते आणि उडते. दाणे एकमेकांवर घासून त्यांच्यावर विजेचा भार चढतो, त्याचा हा परिणाम. उपाय सोपा आहे: दळण्यापूर्वी दाण्यांवर पाण्याचा एखादा थेंब शिंपडून ते हलवून घ्यायचे. अमेरिकेतल्या ओरेगन विद्यापीठाच्या संशोधकांनी, ज्वालामुखीच्या राखेतल्या विजेचा अभ्यास करणाऱ्यांना सोबत घेऊन, २०२३ मध्ये हे मोजून दाखवलं. पाण्याने भार कमी होतो आणि बारीक कणांच्या गुठळ्याही कमी होतात.

आणि एक सांगणं मिरचीच्या गावाला मुद्दाम: कॉफी कधीही गिरणीत, कांडपावर किंवा मसाल्याच्या भांड्यात दळू नये. मिरची आणि धण्याचा वास भांड्याच्या रबरात शिरलेला असतो, कितीही धुतलं तरी जात नाही, आणि कॉफीतलं तेल तो लगेच उचलतं. हातात मिक्सरच असेल आणि आत्ता ग्राइंडर घेणं शक्य नसेल, तर कॉफीसाठी एक लहान भांडं वेगळं ठेवा, दोन-दोन सेकंदांचे झटके द्या, मध्ये भांडं हलवा, आणि पूड पिठाच्या चाळणीतून चाळून अगदी बारीक भाग बाजूला काढा. उरलेल्या जाड पुडीची फ्रेंच प्रेसमध्ये ठीक कॉफी होते. तडजोड आहे, पण आयत्या शिळ्या पुडीपेक्षा बरी.

पाणी

कपातला बहुतेक भाग पाणीच असतं, आणि मराठवाड्यात बोअरचं पाणी अनेक ठिकाणी जड असतं. भांड्याला पांढरा थर चढतो, साबणाला फेस येत नाही, हे रोजच्या अनुभवातलं. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात एकूण विरघळलेले क्षार लिटरला ५०० मिलिग्रॅमपर्यंत इष्ट मानले आहेत, आणि दुसरा स्रोत नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतले आहेत. कॉफीच्या व्यावसायिकांची शिफारस १५० च्या आसपासची आहे. क्षार फार असले की कॉफी सपाट लागते, तिचा आंबटगोडपणा दबून जातो, आणि यंत्राच्या आत तोच पांढरा थर बसून नळ्या बुजतात. आरओचं किंवा जारचं पाणी उलट टोकाला जाऊ शकतं; त्यात क्षार अगदी कमी राहिले तर चव नीट उतरत नाही. आरओचं पाणी आणि साधं गाळलेलं पाणी मिसळून पाहावं. जिभेला जे गोड लागतं ते बहुधा कॉफीलाही मानवतं. विजेवरचं महाग यंत्र घेणाऱ्याने तर आधी पाणी तपासून घ्यावं.

तापमानाची चिंता आपल्याला कमी आहे. या भागाच्या उंचीवर पाणी साधारण ९८ अंशांना उकळतं. आधण उतरवून अर्धा-पाऊण मिनिट थांबलं की ते ९० ते ९६ च्या पट्ट्यात येतं, आणि कॉफीला तेवढंच लागतं.

आता यंत्र

दुधाची कॉफी पिणाऱ्या घराला मी पहिल्यांदा स्टीलचा दाक्षिणात्य फिल्टर सांगेन. दोन डबे एकावर एक, वरच्याच्या तळाला बारीक भोकं, आत दाबायची चकती. तीनशे ते सहाशे रुपयांत येतो, त्यात तुटण्यासारखं काही नाही, घासायला सोपा. वरच्या डब्यात पूड सारखी पसरून चकती अलगद ठेवायची, गरम पाणी ओतायचं, झाकण लावायचं आणि पंधरा-वीस मिनिटं विसरून जायचं. खाली उतरतं ते डिकॉक्शन. पूड फार बारीक असेल किंवा चकती जोरात दाबली असेल तर ते उतरतच नाही, आणि भरड असेल तर पाच मिनिटांत पाणचट होऊन खाली येतं. इथेही दळणच निकाल लावतं. म्हशीच्या दुधात स्निग्धांश सहा-सात टक्के असतो, त्यापुढे हलका भाजलेला नाजूक दाणा हरवून जातो. या दुधासाठी जरा गडद भाजलेला, थोडी रोबस्टा जातीची कॉफी मिसळलेला दाणा घ्यावा. चिकोरी आवडत असेल तर दहा-वीस टक्के बिनदिक्कत घालावी. ती चव दक्षिणेने पिढ्यानपिढ्या जपलेली आहे.

मोका पॉट हे दुसरं. इटलीच्या अल्फोन्सो बियालेट्टी यांच्या कारखान्याने १९३३ मध्ये ते आणलं. खालच्या भांड्यातलं पाणी तापतं, वाफेच्या दाबाने वर चढतं, मधल्या पुडीतून जातं आणि वरच्या भांड्यात दाट काळी कॉफी जमते. दाब दीड बारच्या आत असतो, म्हणून ही एस्प्रेसो नव्हे, पण दुधासोबत सुंदर लागते. खालच्या भांड्यात आधीच गरम केलेलं पाणी घाला, पूड भरा पण दाबू नका, गॅस मंद ठेवा, आणि गुरगुर सुरू झाली की लगेच उतरवा. त्या गुरगुरीनंतर येतं ते फक्त कडू पाणी. घेताना दोन गोष्टी पाहा. लहान मोका पॉट आपल्या शेगडीच्या जाळीवर नीट बसत नाही, मधल्या पोकळीत कलंडतो, म्हणून वर ठेवायला एक लहान जाळी लागते. आणि ॲल्युमिनियमचा असेल तर इंडक्शनवर तो तापणारच नाही. त्याचं रबरी कडं दर वर्षा-दोन वर्षांनी बदलावं लागतं. घेतानाच एक जादा घेऊन ठेवावं.

काळी कॉफी प्यायची असेल, दाण्याची खरी चव ओळखायची असेल, तर फ्रेंच प्रेस, म्हणजे पूड पाण्यात भिजवून वरून जाळी दाबायचं भांडं. ३० ग्रॅम भरड पूड, ४५० मिलिलिटर पाणी, चार मिनिटं, मग जाळी खाली. याहून सोपी रीत नाही. कागदी फिल्टरने कॉफी आणखी स्वच्छ उतरते. जर्मनीत ड्रेस्डेनच्या मेलिटा बेंट्झ या गृहिणीने १९०८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. पण कागद संपला की तो गावात मिळत नाही, हे लक्षात ठेवूनच त्या वाटेला जावं. सोबत एक लहान डिजिटल वजनकाटा घ्या. चमच्याने मोजलेली पूड रोज कमी-जास्त होते आणि मग दोष भलत्याच गोष्टीला दिला जातो.

एस्प्रेसो यंत्रांबद्दल मला स्पष्ट बोलायचं आहे, कारण लोकांचे पैसे इथेच जातात. एस्प्रेसो म्हणजे दाबाने काढलेली दाट कॉफी. खरी एस्प्रेसो साधारण ९ बार दाबाने निघते. खोक्यावर १५ किंवा २० बार लिहिलेलं असतं ती पंपाची कमाल ताकद. त्याने कॉफी अधिक चांगली होत नाही. सहा-सात हजारांची बरीच यंत्रं पंपाऐवजी वाफेवर चालतात आणि त्यांचा दाब ९ पर्यंत जातच नाही. अनेक घरगुती यंत्रांत दुहेरी तळाची, एकच बारीक छिद्र असलेली चाळणी येते. ती शिळ्या पुडीतूनही फेस काढून दाखवते, पण तो फेस ताज्या दाण्याचा नसतो. साधी चाळणी लावून खरी एस्प्रेसो काढायची तर दळण इतकं नेमकं लागतं की ग्राइंडरच यंत्राच्या बरोबरीचा घ्यावा लागतो. शिवाय अशी यंत्रं हजार ते दीड हजार वॅट ओढतात. घरचा साधा इन्व्हर्टर त्यांना पुरत नाही, आणि वीज गेली की सकाळची कॉफी राहिली. बिघाड झाला तर दुरुस्तीला जालना किंवा छत्रपती संभाजीनगर गाठावं लागण्याची तयारी ठेवावी. शहरात राहणाऱ्या, याची मनापासून आवड असलेल्या माणसाने जरूर घ्यावं. धावड्यातल्या घराने पहिलं यंत्र म्हणून ते घेऊ नये.

निगा सगळ्यांची सारखीच. कॉफीत तेल असतं, ते भांड्याला चिकटून खवट होतं, आणि ताज्या दाण्यालाही तो वास लागतो. फिल्टरची भोकं अधूनमधून उजेडासमोर धरून पाहा, बुजलेली असतील तर गरम पाण्यात भिजवून ब्रशने मोकळी करा. ग्राइंडरचे पोलादी दात धुवू नका, कोरड्या ब्रशने झाडा. दाणे फ्रिजमध्ये ठेवू नका. तिथला ओलावा आणि लसूण-कोथिंबिरीचा वास दोन्ही त्यांना लागतात. घट्ट झाकणाचा डबा, अंधारं फडताळ, एवढं पुरे.

सुरुवात करणाऱ्याला माझं सांगणं असं आहे. स्टीलचा फिल्टर आणि पोलादी दातांचा हातग्राइंडर घ्या. पहिलं पाकीट पाव किलोचंच मागवा, पूड नको, दाणेच मागवा, आणि त्यावर भाजल्याची तारीख छापलेली नसेल तर ते घेऊ नका.